वखवख, भूक आणि आठवड्याचे इंजेक्शन



साहित्याच्या व्याख्यानमालेत औषधाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात जोयडा, रामनगर, जगलबेट या भागातील घरांतून एकच प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला, की एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसमोर सविस्तर मांडणी करावी असे ठरवले. प्रश्न असा : "डॉक्टर, ते वजन उतरवायचे इंजेक्शन खरेच चालते का? आणि आम्ही घ्यावे का?" कोणाचा भाचा पुण्यात असतो, कोणाची मुलगी बेंगळुरूला. तिकडून फोन येतो आणि फोनवरूनच औषधाचे नावही कळते.

सुरुवातीलाच माझी बाजू सांगून टाकतो. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. हे इंजेक्शन लिहून देण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते देतही नाही. त्यामुळे ते खपावे यात माझा फायदा नाही. उलट अनेकांना माझ्याकडून "ते वाईट, आमच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या चांगल्या" असे ऐकायची अपेक्षा असते. ते मी म्हणणार नाही. फायटोलॅका बेरीच्या गोळ्या वजनासाठी म्हणून बाजारात पुष्कळ विकल्या जातात, पण त्यांनी वजन उतरते असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. या नव्या औषधाला तोड ठरेल असे काही माझ्या पेटीत नाही, आणि "दुष्परिणाम नसलेले देशी इंजेक्शन" म्हणून कोणी गोळी वा काढा विकत असेल, तर त्याच्याकडेही नाही.

आता विषयाकडे वळू. आपल्या भाषेत भुकेसाठी किती शब्द आहेत पाहा. पोटात कावळे ओरडतात ती भूक. तोंड चाळवते ती निराळी. खाखा सुटते ती आणखी निराळी. आणि पोट भरलेले असूनही जिचे मन ताटात अडकलेले असते तिला आपण वखवख म्हणतो. पहिले तीन शब्द आपण हसून वापरतो. चौथा शब्द मात्र शिवी आहे. "किती वखवखलेला आहे!" असे म्हणताना आपण त्या माणसाच्या पोटाबद्दल बोलत नसतो, त्याच्या स्वभावाबद्दल बोलत असतो. इंग्रजीत आता या अवस्थेला अन्नाचा गोंगाट अशा अर्थाचे नाव पडले आहे. डोक्यात सतत चाललेला खाण्याचा विचार, असा त्याचा आशय. नव्या औषधांनी सर्वांत मोठी उलथापालथ केली ती इथे.

माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातील एक गृहिणी गुडघेदुखीसाठी येत असत. वजन पुष्कळ. मी दर खेपेला सांगे, "अक्का, तोंडावर ताबा ठेवा." एकदा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "डॉक्टर, जेवून हात धुते तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात जेवणच असतं. काय करू?" मला ती सबब वाटली. जैन घरात वाढल्यामुळे ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे तप, मी लहानपणापासून पाहत आलो. मला जमते, तर यांना का जमू नये, असा माझा हिशेब होता. पण तप हे ज्याचे त्याने स्वतःहून स्वीकारायचे असते. मी ते दुसऱ्यावर लादत होतो, आणि तेही तिची भूक माझ्या भुकेएवढीच आहे असे गृहीत धरून. पुढे त्या यायच्या थांबल्या. मधुमेहाने जोर धरल्याचे नंतर दुसऱ्याकडून कळले. हे औषध घेतलेल्यांचे अनुभव वाचू लागलो तेव्हा पहिली आठवण त्यांची झाली. कारण ते लोक नेमके हेच सांगत होते : "डोक्यातला खाण्याचा विचार थांबला."

तो कसा थांबतो? आपण जेवलो की लहान आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते तीन कामे करते. साखर वाढली असेल तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठरातून अन्न पुढे जाण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला "पुरे झाले" असा निरोप देते. पण हा निरोप्या फार अल्पायुषी असतो. रक्तातील एक विकर दोन-तीन मिनिटांत त्याचे तुकडे करते. शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले, त्याला मेदाम्लाची एक शेपटी जोडली आणि ती रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे मिनिटांचे आयुष्य आठवड्याचे झाले. हे सेमाग्लुटाइड. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीचे ओझेंपिक आणि वेगोवी ही त्याचीच नावे. अमेरिकेत ते २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये लठ्ठपणासाठी मंजूर झाले. दुसरे टिर्झेपॅटाइड. ते अमेरिकेच्या एलाय लिली कंपनीचे. त्यात जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम साधले आहे. भारतात ते मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये आले आणि वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये.

गुण किती? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जण होते. सर्वांनाच आहार-व्यायामाचा सल्ला दिलेला होता. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, तर नुसते पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे एकीकडे सुमारे बारा किलो आणि दुसरीकडे दोन किलो. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट झाली. दोन्ही गटांना सल्ला एकच होता, हे लक्षात घ्या. फरक निश्चयाचा नव्हता, संप्रेरकाचा होता. आमच्या त्या अक्कांना मी वर्षानुवर्षे दिला तो नुसता सल्लाच.

लाभ वजनापुरता राहिला नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवरील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काही ना काही साध्या गटात शंभरात आठ जणांना झाले आणि औषधाच्या गटात साडेसहा जणांना. आकडा लहान वाटेल, पण लाखोंच्या हिशेबात तो मोठा आहे. पुढच्या वर्षी मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो असे दिसले. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, यकृतातील चरबी आणि त्यामुळे होणारी सूज, गुडघ्याची झीज यांतही उपयोग आढळला. मात्र ते रामबाण नव्हे. स्मृतिभ्रंशावर ते चालेल अशी मोठी आशा होती, पण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि रोगाची गती कमी झाली नाही असे स्पष्ट झाले.

आता दुसरी बाजू. पहिली गोष्ट, औषध थांबवले की भूक परत येते. वर सांगितलेल्या २०२१ च्या चाचणीतील काही जणांवर औषध बंद केल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलेले दिसले. म्हणजे हे ताप उतरला की बंद करायचे औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखे ते बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावे लागते. मुलीच्या लग्नाआधी तीन महिने घेऊ आणि सोडून देऊ, असा विचार असेल तर पैसे आणि प्रकृती दोन्ही वाया जातील.

दुसरी गोष्ट त्रासाची. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे नेहमीचे. म्हणूनच सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने करतात आणि चार-चार आठवड्यांनी मात्रा वाढवतात. घाईने वाढवली की त्रास होतोच. पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे जाऊ लागली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. तेव्हा घरी थांबू नये. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर तीही तातडीची बाब समजावी. हा परिणाम अत्यंत विरळ आहे, पण माहीत असावा. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हे औषध वर्ज्य. गरोदरपणात वर्ज्य, आणि मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे. टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे तरुण सुनांना सहसा कोणी सांगत नाही. आणि कोणतेही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे आवर्जून सांगा. अन्न जठरात जास्त वेळ राहत असल्याने उपाशी असूनही पोट रिकामे असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे वजन उतरते ते सगळे चरबीचे नसते. वेगवेगळ्या अभ्यासांत उतरलेल्या वजनाचा सुमारे पाव ते चाळीस टक्के भाग स्नायू आणि इतर ऊतींचा आढळला आहे. तिशीतल्या माणसाला ते झेपते. साठीतल्या आजीचे स्नायू गेले तर ती बारीक दिसेल, पण पाटावरून उठताना तोल जाईल आणि पडून खुबा मोडेल.

आपल्या लोकांना हा धोका अधिक का, हे समजून घ्यायला पुण्याचे काम उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या गावांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू आणि अवयवांचे वजन. चरबी त्या मानाने शिल्लक होती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी आपली ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तराजूपेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की वजन कितीही असो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, काट्यावर हलके दिसणाऱ्या माणसालाही उपचाराची गरज असू शकते. दोन, आपल्याकडे मुळातच स्नायू कमी. त्यात इंजेक्शनने आणखी गेले तर उरणार काय? औषध चालू असताना ताट अर्धे होते, म्हणून त्या अर्ध्या ताटात काय आहे याला दुप्पट महत्त्व येते. कुळीथ, मूग, चणे, दही-ताक, पनीर, शेंगदाणे, आणि जे खातात त्यांनी अंडी-मासळी, हे आधी खावे, भात-भाकरी नंतर. आपल्या जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. मुडली, कोन, कणगी हा कुणबी बांधवांनी राखलेला ठेवा आहे आणि पाकिटातल्या तळलेल्या पदार्थांपेक्षा कितीतरी चांगला. पण कंद हा पिष्टाचा साठा असतो, त्याला डाळीची जोड लागतेच. आणि स्नायूंना काम लागते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, पाण्याची कळशी उचला, चढावर चाला. आपल्या तालुक्यात चढाला तोटा नाही.

घरातल्या चालीरीतींवर होणारे परिणाम कोणी फारसे सांगत नाही. आपल्याकडे पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचा प्राण. "एक तरी जिलबी घ्याच" म्हणून वाढलेली जिलबी हे औषध घेणाऱ्याला उलटी करायला लावते. त्याने पानावर आडवा हात धरला तर तो अपमान समजू नका. सासर मानवले म्हणजे सून अंगाने भरली, हे मापही आता सोडायला हवे, आणि सून बारीक झाली म्हणजे आजारी पडली, हेही. बायका शेवटी जेवतात आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवतात. त्यांच्या वजनाचे हेही एक कारण आहे, आणि त्याला इंजेक्शन हा उपाय नाही. उपवासाचे तर नीट जपायला हवे. एकादशी असो, चातुर्मास असो की आमचे दशलक्षण पर्व, हे औषध आणि सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कडक उपवास केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि पाणी न पिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. व्रत करायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. जीवरक्षणासाठी व्रतात सवलत घेतल्याने धर्म बुडत नाही.

राहिला पैशाचा आणि खरेपणाचा प्रश्न. मौंजारो आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, आणि आठवड्याला एक कुपी लागते. महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार, तेही वर्षानुवर्षे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. त्यामुळे देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि दर उतरायला कारण मिळाले. ही चांगली गोष्ट. पण स्वस्ताईबरोबर दोन धोके येतात. एक बनावट मालाचा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. दुसरा धोका चिठ्ठीशिवाय विक्रीचा. पक्के बिल, बॅच क्रमांक आणि तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी याशिवाय हे घेऊ नये. न उघडलेले इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि गोठूही द्यायचे नसते. सुपा धरणाची वीज दूरवर जाते, पण पावसाळ्यात आपल्याच घरचा फ्रिज दोन-दोन दिवस बंद राहतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा महिनाभराचा साठा एकदम आणण्यापूर्वी विचार करा.

त्याच संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सार असे : मोठ्यांच्या दीर्घकालीन उपचारात ती वापरता येतील, पण आहार आणि हालचालीच्या जोडीने. दीर्घकाळचा पुरावा, किंमत आणि सर्वांना ती मिळण्यातील अडचणी लक्षात घेऊन ही शिफारस सशर्त ठेवली आहे.

तर मग आम्ही घ्यावे का? माझे उत्तर असे. मधुमेह आटोक्यात नाही, हृदयविकार होऊन गेला आहे, झोपेत श्वास अडकतो, वजनाने गुडघे धरले आहेत, अशांनी बेळगाव, हुबळी किंवा कारवारच्या फिजिशियनला अवश्य विचारावे, आणि माझ्या औषधांच्या आशेने ते लांबवू नये. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, माझ्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. दोन-चार किलो कमी करून फोटोत बरे दिसायचे असेल, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि ज्यांना परवडत नाही किंवा सोसत नाही, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी साखरेत आणि रक्तदाबात फरक पडतो.

शेवटी एक विनंती, आणि ती औषध न घेणाऱ्यांना अधिक आहे. घरातल्या जाड माणसाला "वखवख" हा शब्द पुन्हा वापरू नका. ती भूक त्याच्या पोटातून आणि मेंदूतून येते, हे आता सिद्ध झाले आहे. ज्याची भूक शांत आहे त्याने पुष्कळ पुण्य केले असे नाही. त्याला ती तशी मिळाली, एवढेच. त्या अक्का पुन्हा दवाखान्यात आल्या तर मी त्यांना तोंडावर ताबा ठेवा असे सांगणार नाही. आधी त्यांची क्षमा मागेन, आणि मग फिजिशियनच्या नावे चिठ्ठी लिहून देईन.